जुनी पुस्तके, नव्या आवृत्त्या आणि घरातले मूल

मुलांना वाचून दाखवण्यासारखी चांगली जुनी पुस्तके कोणती आणि ती आज मिळतात का, हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच. विचारणारांत बहुधा आमच्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी असतात. आता ते कुठे शिक्षक, कुठे बँकेत नोकरीला, आणि सगळेच लहान मुलांचे आईबाप. प्रश्न वरवर साधा असला तरी त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. पुस्तक कोणते, त्याची आवृत्ती कोणती, आणि ते वाचायचे कसे? पहिल्याचे उत्तर जो तो देतो. दुसऱ्याकडे थोड्यांचे लक्ष जाते. तिसरा कुणी विचारतच नाही. पण आपल्या सीमाभागातील घरांपुरते बोलायचे तर सारे त्या तिसऱ्यावरच अवलंबून आहे, असे माझे मत झाले आहे.

आपल्याकडची परिस्थिती काय आहे ते आधी पाहू. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पुष्कळ मराठी घरांतील मुले आज इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. शाळेत कन्नड आहे, हिंदी आहे. मराठी आहे ती स्वयंपाकघरात आणि आजीच्या तोंडी. अशा मुलाला देवनागरी लिपी येते, पण ती हिंदीच्या वाटेने आलेली असते. त्याच्या पुढ्यात मराठी पुस्तक ठेवा, ते अक्षरे बरोबर ओळखते आणि उच्चार हिंदीचे करते. ‘चार’ आणि ‘चारा’ या दोन शब्दांतला च आपण वेगवेगळा उच्चारतो. ‘जग’ आणि ‘जगणे’ यांतला ज वेगळा. ‘ज्ञान’ आपण हिंदीसारखे ‘ग्यान’ म्हणत नाही. पण हा फरक लिपीत कुठेही दाखवलेला नाही. तालव्य च आणि दंततालव्य च यांना आपल्याकडे अक्षर एकच. तेव्हा ही गोष्ट छापील पानावरून शिकता येत नाही, ती कानानेच शिकावी लागते. जे मूल मराठी फक्त डोळ्यांनी वाचते त्याला ती वाचता येऊनही परकी राहते. मुलाबरोबर मोठ्याने वाचणे ही म्हणूनच आपल्याकडे हौसेची बाब नाही. ते झाले नाही तर वाचती मराठी एका पिढीत घरातून जाते आणि फक्त बोलती उरते. बोलती मराठी एकटी किती दिवस टिकते, हे आपल्या ओळखीच्या चार घरांकडे पाहिले तरी कळेल.

आता कुणी म्हणेल, मग नवी पुस्तके वाचा, जुनी कशाला? नवी जरूर वाचावीत. जुन्यांकडे वळण्याचे माझे कारण एवढेच की त्यांतली पुष्कळशी मोठ्याने वाचण्याच्या काळात लिहिली गेली. घरात पुस्तक एक, ऐकणारी मुले चारपाच, आणि कंदिलाभोवती बसून एकाने वाचायचे, अशी ती रीत होती. त्यामुळे वाक्ये श्वासाच्या मापाची आहेत, संवाद भरपूर आहेत, आणि बोलीतले शब्द सहज येतात. दुसरे असे की जी पुस्तके पन्नास-साठ वर्षे पुन्हा पुन्हा छापली जातात ती मुलांच्या पिढ्यांनी पारखून घेतलेली असतात. मुले लेखकाची भीड धरत नाहीत. कंटाळा आला की उठून जातात.

मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके व्हायला दोन शतके उलटून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तंजावरला, सरफोजीराजांच्या आश्रयाखाली, इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत निघाल्या. म्हणजे मुलांच्या छापील मराठी पुस्तकाचा आरंभच मुळी महाराष्ट्राबाहेर, तामिळ मुलखात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत झाला. सीमेवर राहणाऱ्या आपणांस ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक काढले आणि मुलांसाठी नियमित लिहिण्याची परंपरा रुजली. ज्यांना आज आपण ‘जुनी चांगली पुस्तके’ म्हणतो त्यांतली बरीचशी या परंपरेची फळे आहेत.

पुस्तक निवडताना ‘निर्मळ’ म्हणजे काय, हे एकदा ठरवून घ्यावे. बाजारात पुष्कळ पुस्तकांवर ‘संस्कार’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. त्यांतल्या कित्येकांत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ असते आणि गोष्ट त्या तात्पर्यासाठीच रचलेली असते. मूल हे चटकन ओळखते. माझी कसोटी निराळी आहे. दुबळ्याची, काळ्याची, लंगड्याची, गरिबाची टर उडवून हसवणारे पुस्तक मी निर्मळ मानीत नाही, मग त्यात देवाचे नाव कितीही असो. उलट ज्यात दुःख आहे, मरण आहे, चोरी आणि खोटे बोलणेही आहे, पण लेखक मुलाशी खोटे बोलत नाही, ते निर्मळ. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) या बालकवितांच्या पुस्तकात उपदेश शोधून सापडणार नाही. आहे ती गंमत, आणि भाषेच्या खेळाचा आनंद. चार-पाच वर्षांच्या मुलाला यापेक्षा पोषक काय द्यावे?

याहून मोठ्या, आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दोन लेखकांची नावे मी नेहमी सांगतो. पहिले ना. धों. ताम्हनकर. त्यांचा ‘गोट्या’ खोडकर आहे, पण सरळ मनाचा आहे. आणि त्यांचीच ‘चिंगी’ मुलींनाच नव्हे, मुलांनाही आवडते. त्या पुस्तकांतले घर, शाळा, मास्तर, वाडा आज राहिलेले नाहीत, म्हणून वाचताना अधूनमधून थांबावे लागते. पण मुलाचे मन तेच आहे, म्हणून गोष्ट अडत नाही. दुसरे भा. रा. भागवत (१९१०–२००१). त्यांचा ‘फास्टर फेणे’ फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला, सायकलवरून वाऱ्यासारखा फिरणारा, संकटात उडी घेणारा मुलगा. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला आणि नव्या पिढीला नाव कळले. मूळ पुस्तके मात्र त्याआधीपासूनच पुन्हा पुन्हा छापली जात होती. ज्या मुलाला वाचनाचा कंटाळा आहे त्याला पहिले पुस्तक हेच द्यावे, असा माझा अनुभव आहे. याच वयाच्या पुढच्या टोकाला वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) येते. गुलामीत जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो आणि भुईमुगासारख्या पिकातून शेकडो उपयोग शोधतो, ही हकिकत शेंगा पिकवणाऱ्या आपल्या भागातील मुलांना जवळची वाटते.

यादी वाढवता येईल, पण एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जुने आणि गोष्टींचे म्हणजे मुलांचेच, असे नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टींचे भाषांतर केले. नाव ऐकून मुलांचे पुस्तक वाटते. पण मूळ कथा प्रौढांच्या आहेत, आणि मुलांना द्यायच्या त्या निवडूनच द्याव्या लागतात. म्हणून मुलापुढे ठेवण्याआधी पुस्तक आपण स्वतः पूर्ण वाचावे. याला दुसरा उपाय नाही. कुणाच्या यादीवर, अगदी माझ्यासुद्धा, विसंबू नये.

आता आवृत्तीविषयी. यात थोडा कायद्याचा भाग आहे. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे स्वामित्वहक्क राहत असे. १९९२ साली ही मुदत साठ वर्षे झाली. लेखक वारला त्याच्या पुढल्या वर्षाच्या आरंभापासून ही साठ वर्षे मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कुणालाही छापता येऊ लागली. याचा फायदा उघड आहे: ‘श्यामची आई’ आज स्वस्तात आणि सर्वत्र मिळते. तोटा असा की ती छापणाऱ्यांत काळजीने छापणारे आहेत तसे केवळ विक्रीवर डोळा ठेवणारेही आहेत. मी मुद्दाम निरनिराळ्या प्रती जमवून ताडून पाहिल्या. एका प्रतीत ओळीच्या ओळी गाळलेल्या, एकीत जोडाक्षरे फुटलेली, आणि एकीत तर गोष्टी आटोपत्या घेऊन मुखपृष्ठावर त्याचा उल्लेखही नाही.

यासाठी घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. आतल्या शीर्षकाच्या पानाची मागची बाजू उघडावी. तिथे पहिल्या आवृत्तीचे साल, पुढल्या आवृत्त्यांची साले आणि ‘पुनर्मुद्रण’, ‘सुधारित’ की ‘संक्षिप्त’ याची नोंद असावी. जिथे हे पान कोरे आहे तिथे संशय घ्यावा. मग अनुक्रमणिका पाहावी. ‘श्यामची आई’त श्याम ४२ रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. अनुक्रमणिकेत तेवढ्या रात्री भरल्या नाहीत तर ते पुस्तक अपुरे आहे. शेवटी मधलेच कुठलेही पान काढून दुकानातच मोठ्याने वाचावे. एका पानात तीनपेक्षा अधिक ठिकाणी जीभ अडखळली आणि दोष छपाईचा निघाला, तर प्रत परत ठेवावी. चूक मोठ्या माणसाला कळते. मुलाला मात्र ती भाषाच तशी आहे असे वाटते.

शुद्धलेखनाची बाब वेगळी आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘आतां’, ‘कांहीं’, ‘घरें’ असे अनुस्वार असत. नव्या आवृत्तीत ते काढले असतील तर तक्रारीचे कारण नाही. आणि जुनी प्रत हाती आली तरी घाबरण्याचे कारण नाही. मूल दोन दिवसांत त्या टिंबांना सरावते. पण टिंब काढणे वेगळे आणि शब्द काढणे वेगळे. ‘श्यामची आई’त पानांची पत्रावळ लावण्याचे एक प्रकरण आहे. पत्रावळ, द्रोण, चोय हे शब्द आजच्या मुलाला कळणार नाहीत म्हणून कुणी तिथे ताट-वाटी घातली तर उरते काय? कळत नाहीत म्हणूनच ते शब्द वाचायचे. मी मुलांना पळसाची पाने आणून एक पत्रावळ लावून दाखवली. ती वाकडी झाली, पण शब्द बसला.

इथे तो तिसरा प्रश्न येतो. वाचायचे कसे? जुन्या पुस्तकात जुना समाज असतो, त्याच्या चांगल्यासह आणि वाइटासह. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्यातले कोकण त्याच्याही आधीचे. त्यात एका प्रकरणी एक म्हातारी महार बाई लाकडांची मोळी खाली पडल्याने अडून बसली आहे, आणि स्पर्श कोण करणार म्हणून कुणी मोळी उचलून देत नाही. श्यामची आई श्यामला पाठवते. हे वाचताना आजचे मूल थांबवते आणि विचारते, “पण बाकीच्यांनी का नाही उचलली?” या प्रश्नाला बगल देऊ नये. ‘पूर्वी तसे होते’ एवढे म्हणून पुढले पान उलटणे सोपे असते. पण मुलाला वाटते, तसे असणे ठीकच होते. त्याला सरळ सांगावे की माणसाला शिवायचे नाही अशी चाल होती, ती अन्यायाची होती, आणि तिच्याविरुद्ध पुष्कळांना झगडावे लागले. आणि हेही सांगावे की तो श्याम मोठा झाला, आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्याने १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण केले. मोळीपासून मंदिरापर्यंतचा हा धागा पुस्तकात छापलेला नाही. तो शेजारी बसलेल्या माणसानेच जोडून द्यायचा असतो. असे प्रकरण मुलांच्या आवृत्तीतून काढून टाकावे, या मताचा मी नाही. काढले तर प्रश्नही जातो आणि उत्तर देण्याची संधीही.

तीच गोष्ट स्त्रियांच्या बाबतीत. जुन्या गोष्टींत आई सदैव चुलीपुढे, बहीण सदैव भावाची वाट पाहणारी. मुलीला वाचून दाखवताना याविषयी बोलावे. तिचे मत विचारावे. अळणी भाजीच्या प्रकरणात आईकडून भाजीत मीठ घालायचे राहते आणि वडील ती मुकाट्याने खातात. मी हे एका दहा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “वडील चांगले आहेत, पण भाजी त्यांनी का नाही केली?” दोन्ही वाक्ये खरी आहेत. पुस्तकाचा मोठेपणा पहिल्यात आहे, वाचनाचा दुसऱ्यात.

वाचण्याच्या रीतीबद्दल थोडे व्यवहाराचे सांगतो. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरे. आणि जिथे उत्सुकता ताणली असेल तिथेच थांबावे. एक पान आपण वाचावे, एक परिच्छेद मुलाला वाचू द्यावा. उच्चार चुकला तर लगेच टोकू नये. पुढल्या वेळी तोच शब्द आपण नीट उच्चारून वाचावा, म्हणजे कान आपोआप सुधारतो. अवघड शब्दाचा अर्थ वाक्य पूर्ण झाल्यावर सांगावा. आणि दुःखाचा भाग वाचताना आपला गळा दाटून आला तर संकोच बाळगू नये. मात्र आईच्या मृत्यूपर्यंतचा भाग सात-आठ वर्षांच्या मुलाला रात्री निजण्यापूर्वी वाचू नये. तो दिवसा, निवांतपणे वाचावा आणि नंतर थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे.

आता पुस्तके मिळतात कुठे? पुण्या-कोल्हापूरच्या दुकानांत तर मिळतातच. पण कडोली, येळ्ळूर यांसारख्या आपल्या गावांतून भरणाऱ्या साहित्य संमेलनांत पुस्तकांची दालने लागतात, तिथे हाताळून घेता येतात. सार्वजनिक वाचनालयांच्या बालविभागांत जुन्या प्रती आहेत. आपण मागत नाही म्हणून त्या कपाटांत पडून असतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत, आणि त्यांतील निवडक साहित्याचे खंडही पुस्तकरूपाने निघाले आहेत. ज्या गावात दुकान नाही तिथल्या शिक्षकाला याहून मोठे भांडार नाही. राज्य मराठी विकास संस्थेनेही दुर्मिळ मराठी ग्रंथ अशाच रीतीने खुले केले आहेत. आणि सर्वांत जुने ठिकाण म्हणजे माळा आणि पेट्या. आजोबांच्या पेटीत ‘चांदोबा’चे बांधून ठेवलेले अंक सापडले तर रद्दीवाल्याला देण्याआधी घरातल्या मुलाला दाखवा.

या अंकाचा अर्धा भाग कन्नड आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कन्नडमध्येही हीच समृद्धी आहे. पंजे मंगेशराव (१८७४–१९३७) यांनी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी आणि गाणी आजही घरोघर म्हटली जातात. त्यांच्या एका गोष्टीत सुंगटे वाळली का नाहीत याचे कारण एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे सरकत जाते. आपल्या आज्याही अशाच साखळीच्या गोष्टी सांगत. शिवराम कारंतांनी १९३६ साली ‘बालप्रपंच’ हा मुलांचा ज्ञानकोश तीन खंडांत सिद्ध केला. ज्या मुलाच्या कानावर दोन्ही भाषा रोज पडतात त्याला एक गोष्ट मराठीतून आणि एक कन्नडमधून वाचून दाखवली, तर एकीमुळे दुसरीचे काही बिघडत नाही. बिघडते ते दोन्हींपैकी एकही न वाचल्याने.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला वाटेल की हा लेख आईबापांसाठी आहे. तसे नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी धाकटे भावंड आहे, बहिणीचे मूल आहे, शेजारची मुले आहेत. आणि घरात मराठी सफाईने वाचणारे शेवटचे माणूस कदाचित तुम्हीच असाल. तुमच्या आजीला गोष्टी येतात पण चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि धाकट्याला अक्षरे येतात पण ‘चारा’तला च येत नाही. या दोघांच्या मध्ये तुम्ही आहात. या सुटीत वाचनालयातून एक पुस्तक काढा. ते आधी स्वतः वाचा. मग आजीला आणि धाकट्याला एकाच वेळी समोर बसवून रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचा. अडेल तो शब्द आजीला विचारा. तिला तो बहुधा माहीत असतो.